बाकी काही काढू नये

१

बत्तीस वर्षं मी एकच काम करतोय. कीबोर्ड, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर उघडायचे आणि त्यांच्यातली घरघर घालवायची. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "वाजवलं नाही तरी मागे काहीतरी गुणगुणत असतं हो." मी म्हणतो, ठेवा, परवा या. आमच्या धंद्यात त्याला हमिंग म्हणतात. भिंतीतल्या विजेचीच ती घरघर. पॉवर सप्लायमधला फिल्टर कॅपॅसिटर म्हातारा झाला की ती गाळली जात नाही, थेट स्पीकरपर्यंत येते. कॅपॅसिटर बदलायचा, अर्थिंग तपासायचं, विषय संपला. यात भुताखेताचं काही नाही, आणि तसलं बोलणाऱ्याला मी दुकानात उभं करत नाही.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मागे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर, त्यामागे झोपायची खोली आणि मागचं दार. पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे बायको. मी तिला 'आमचा रेडिओ' म्हणतो. सकाळी डोळे उघडले की कार्यक्रम सुरू. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, एकटी असली तरीसुद्धा. प्लंबर, गळका नळ, तिची मोठी बहीण, पुन्हा प्लंबर. दर पाच मिनिटांनी "ऐकताय ना?" आणि माझं "हं". हाक मारली की तिचं ठरलेलं उत्तर, "आलेच हं," आणि मग बाईसाहेब अर्ध्या तासाने उगवणार. "अगं, दोन मिनिटं गप्प बसशील का?" असं मी किती हजार वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

२

सोमवारी सकाळी दोन हमाल एक कीबोर्ड घेऊन आले. जुनं धूड, खाली लोखंडी चौकट, एकट्याने हलवायची सोयच नाही. मागोमाग साठीची एक बाई आली. गळ्याभोवती शाल घट्ट गुंडाळलेली.

"काय तक्रार आहे?" मी विचारलं.

तिने पर्समधून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. अक्षर सुरेख, शाळेत शिकवणाऱ्यांचं असतं तसं. *भाऊ वाजवायचा. तो मागच्या महिन्यात गेला. तेव्हापासून घरघर येते. घालवून द्यावी. बाकी काही काढू नये.* खाली पत्ता आणि फोन नंबर.

"घसा बसलाय वाटतं?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. पण पावती लिहिताना माझ्या कानावर आलं की ती गुणगुणते आहे. तोंड मिटलेलं, एकच खालचा सूर, लांबच लांब. मी म्हटलं, "वा, तुम्हीपण गाता की!" तिने माझ्याकडे असं बघितलं की माझा विनोद मलाच नकोसा झाला.

हमालांनी कीबोर्ड टेबलाशेजारी ठेवला. बाई दाराकडे वळली, पायरी उतरली आणि एकदम म्हणाली, "येते." एवढंच. मग स्वतःच्याच गळ्याला हात लावून ती रस्त्यावर उभी राहिली आणि ढसाढसा रडायला लागली. हमालांनी तिला धरून नेलं. मी मनात म्हटलं, भाऊ गेलाय बिचारीचा, ताजं दुःख आहे. आणि स्क्रू काढायला घेतले.

३

आत बघितलं तर चौकटीला एक तार डाग देऊन जोडलेली. जाड, तांब्याची, कसलंच वेष्टण नसलेली, असेल चार हात लांब. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही. त्याला वळवून एक कडं केलं होतं, आणि ते कडं आतल्या बाजूने असं गुळगुळीत झालं होतं की चकाकत होतं.

आता माझी खोड सांगतो. दुसऱ्याची कारागिरी दिसली की माझ्या हाताला कटर लागतो. कुठल्यातरी हौशी माणसाने अर्थिंगचा जुगाड केलाय, हे दिसतच होतं. चिठ्ठी समोर होती. बाकी काही काढू नये. पण गिऱ्हाइकाला काय कळतं? हमिंग नको आणि हमिंग आणणारी तारही काढायची नाही!

तरी आधी रीतीने काम केलं. कीबोर्ड चालू केला. घरघर होतीच, चांगली दणकट. चारही कॅपॅसिटर बदलले. घरघर तशीच. अडॅप्टर दुसरा लावला. तशीच. शेवटी प्लग उपटला.

घरघर चालूच राहिली.

असतो थोडा चार्ज उरलेला, मी स्वतःला सांगितलं. एखाद मिनिट राहतो. घड्याळाकडे बघत बसलो. नऊ मिनिटं झाली. आणि तेवढ्या वेळात मला आणखी एक गोष्ट कळली, जी कळली नसती तर बरं झालं असतं. विजेची घरघर सलग असते. ही मध्येच बारीकशी थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. थांबायची, सुरू व्हायची. दम घेतल्यासारखी.

मी कटर उचलला आणि तार मुळापासून कापली. आवाज जागच्या जागी बंद झाला. "बघ!" मी मोठ्याने ओरडलो, "जुगाडच होता की नाही?"

पडद्यामागून उत्तर आलं नाही.

४

आमच्या घरी उत्तर आलं नाही असं कधी होत नाही. मी कान दिला. प्लंबर नाही, बहीण नाही. स्वयंपाकघरातून नुसती घरघर येत होती.

पडदा सारून आत गेलो. बायको मोरीपाशी उभी होती, हातात ओली बशी. ओठ मिटलेले. आवाज तिच्यातून येत होता. तोच खालचा सूर.

"काय गं? काय झालं?"

तिने बोलायला तोंड उघडलं, तर आवाज फक्त मोठा झाला. तिचे डोळे घाबरून इतके मोठे झाले की मीच घाबरलो. बशी खाली पडून फुटली. मी तिला पाणी पाजलं, पाठ चोळली, खुर्चीवर बसवलं. हात वर कर म्हटलं, तिने केला. माझं बोट दाब म्हटलं, दाबलं. म्हणजे अर्धांगाचा झटका नव्हता. ती माझा हात सोडेना आणि तिची घरघर थांबेना.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं. "तू बस. मी पाकीट घेऊन येतो."

पाकीट दुकानात होतं. घाईत स्टुलाला पाय अडखळला, तोल गेला आणि मी कीबोर्डच्या उघड्या लोखंडी चौकटीवर तळहात टेकला.

"...आणि तो मेला प्लंबर काल येतो म्हणाला, आज येतो म्हणाला, आलाच नाही. ऐकताय ना?"

खणखणीत आवाज. तिचाच. हसू आलं, रडूही आलं. "ऐकतोय, ऐकतोय!" म्हणत मी पडद्याकडे धावलो. हात सुटला आणि आत पुन्हा घरघर सुरू झाली.

५

तपासून बघणं हाच माझा धंदा. एकदा झालं ते खरं धरत नाही. हात ठेवला, बोलणं. काढला, घरघर. पंधरा वेळा केलं. माझ्या हाताऐवजी लोखंडाला अर्थिंगची तार जोडून ती नळाच्या पाइपाला लावली. घरघर. खिडकीच्या गजाला लावली. घरघर. माणूसच लागत होता.

तेव्हा मला ते गुळगुळीत कडं आठवलं. केराच्या डब्यातून तार काढली आणि होती त्याच जागी पुन्हा डाग दिला. कडं मनगटात चढवलं. बेताचं बसलं. चार हात तार. टेबलापर्यंत जाता येत होतं. दुकानाच्या कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत जाता येत होतं. पडद्याला बोटं लागत होती, पडदा सारता येत नव्हता. तारेला तार जोडून लांबवायला गेलो तर जोड पडल्याबरोबर आत घरघर. कीबोर्ड ढकलायला गेलो तर वीतभर हलला, आणि पडद्याच्या दारापेक्षा तो तसाही रुंदच होता.

"अगं, तूच ये ना इकडे," मी हाक मारली.

"आलेच हं," ती म्हणाली.

मी वाट बघितली. ती पुन्हा नळाबद्दल बोलायला लागली.

दुपारी पडद्याखालून एक हात आला आणि जेवणाची ताटली आत सरकवली. तिचाच हात, मनगटाजवळ इस्त्रीचा जुना डाग. मी त्या हाताला शिवेपर्यंत तो मागे गेला होता. आणि तेव्हा तिचा आवाज शेगडीपाशी होता, अगदी पलीकडच्या भिंतीशी. वाक्याच्या मधेच होती ती, दम न घेता बोलत होती. एवढ्यात ही इथून तिथे पोचली कशी, असं मनात आलं. पण भूक लागली होती आणि ती बोलत होती. मी जेवलो.

६

मंगळवार गेला. बुधवार गेला. मी दुकानातच सतरंजी टाकली. दाराला आतून कडी नव्हती, नुसती 'बंद' अशी पाटी लावली. मनगटाला कडं घासून कातडं लाल झालं, मग काळं. रोज मी ठरवायचो, आता काढतो, काय व्हायचं ते होवो. मग ती म्हणायची, "ऐकताय ना?" आणि मी म्हणायचो, "हं." यापूर्वी इतक्या मनापासून मी ते कधी म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. अडकलो होतो, जीव घुसमटत होता, पण ती तिकडे होती आणि बोलत होती.

बुधवारपासून ताटली यायची बंद झाली. मी खणातली बिस्किटं खाल्ली. "अगं, जेवायचं काय?" विचारलं तर "आलेच हं."

मग मला एक गोष्ट टोचायला लागली. तिच्या बोलण्यात नवीन काहीच नव्हतं. प्लंबर काल येतो म्हणाला, आज येतो म्हणाला. पण तो 'काल' तर रविवार होता! आता बुधवार उजाडून मावळत आला होता. मी विचारलं, "प्लंबरचा नंबर सांग, मीच फोन करतो." ती क्षणभर थांबली. फार बारीकसं थांबणं. मग म्हणाली, "ऐकताय ना?"

ती नेहमी तेच तेच बोलते, मी मनाला समजावलं. तीस वर्षं तेच ऐकतोय. आजच काय नवल?

७

गुरुवारी सकाळी मी चिठ्ठीवरचा नंबर लावला. फोन त्या बाईनेच घेतला आणि ती चक्क बोलली. स्वच्छ, मोकळा आवाज.

"तुमचा घसा सुटला," मी म्हटलं.

"तुमच्या दारातून बाहेर पडले त्या क्षणी सुटला," ती म्हणाली. "तार काढली नाहीत ना तुम्ही? भाऊ जाताना बजावून गेला होता. मला वाटलं, तेवढं पाळलं तर तुम्हाला काही होणार नाही. नाहीतर मी तो कीबोर्ड कुणाच्या घरात ठेवला नसता हो."

माझी नजर डाग दिलेल्या तारेवर गेली. तिला कळलं असावं.

"सतरा वर्षं," ती म्हणाली, "भाऊ ते कडं घालून बसला. मी पडद्यामागून जेवण सरकवायचे. तो म्हणायचा, तुझ्यासाठीच बसलोय, तू बोलतेस ते ऐकतोय. अहो, सतरा वर्षांत मी एक शब्द बोलले नव्हते. तीनदा माणसं बोलावली, कीबोर्ड उचलून बाहेर टाका म्हणून. तीनदा त्याने परत पाठवली."

"तो कुणाचं ऐकत होता मग?"

"ते मला काय माहीत?" ती म्हणाली. "सकाळी तुमच्या मिसेस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पत्ता काढून येऊन गेल्या माझ्याकडे. कागदावर लिहून विचारलं सगळं. मी सांगितलं, दाराबाहेर काढा, तेवढाच उपाय. हमालांचा पत्ता दिला."

मला हसूच आलं. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. माझी बायको इथेच आहे. आत शेंगा मोडतेय. ऐका," आणि मी फोन पडद्याच्या दिशेने धरला. आतून ती बोलतच होती, नळ कसा रात्रभर ठिबकतो ते.

फोन कानाला लावला.

"भाऊपण असंच म्हणायचा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

८

अकराच्या सुमाराला दुकानाचं दार उघडलं. उन्हात तीन माणसं उभी होती. सोमवारचे दोन हमाल, खांद्यावर दोरखंड. आणि मधे माझी बायको.

चार दिवसांत तिचा चेहरा अर्धा झाला होता. केस कसेतरी बांधलेले, पायात बाहेरच्या चपला. ओठ मिटलेले, आणि तिच्यातून ती घरघर येत होती, कष्टाने, थांबत थांबत. हातात एक कागद होता. तो तिने माझ्यापुढे धरला. अक्षर तिचंच, घाईचं. *हात द्या. काढते मी ते. बाहेर नेऊ. मग सगळं सांगते.*

आतून शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. कट. कट.

"काका, उचलायचं ना?" थोरला हमाल म्हणाला.

मला सगळं समजत होतं. मी मूर्ख नाही. हिचं कागदावरचं अक्षर खरं होतं, हिच्या चपलांना मागच्या गल्लीचा चिखल होता. ताटल्या हिनेच सरकवल्या असणार. मी कडं असलेला हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घेतला. तिची बोटं गार होती. घट्ट बसलेलं कडं ती हळूहळू, मला दुखू नये म्हणून फिरवत फिरवत, सैल करायला लागली. अंगठ्याच्या हाडापर्यंत आणलं.

आत शेंगा मोडायच्या थांबल्या.

"अहो," पडद्यामागून तिचा आवाज आला. जवळून. चार दिवसांत पहिल्यांदाच ती काहीतरी नवीन बोलत होती. "अहो, कोण आलंय दुकानात? ती बाई कोण आहे? तिला हात लावू देऊ नका हो. मला भीती वाटतेय."

तो आवाज मी तीस वर्षं ओळखतो. त्या आवाजात ती घाबरलेली मी दोनदाच ऐकली आहे, तिची आई गेली तेव्हा आणि आमचं बाळ राहिलं नाही तेव्हा. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

समोरची बायको माझ्याकडे बघत होती. तिनेही ऐकलं होतं. तिने मान हलवली, नाही, नाही, जोरजोरात, आणि बोलायला तोंड उघडलं, तर नुसती घरघर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोटं कड्यावर होती, शेवटचा एक हिसका राहिला होता.

मी मोकळ्या हाताने तिचं मनगट धरलं. इस्त्रीच्या डागावरच अंगठा आला. घट्ट धरलं आणि तिचा हात बाजूला केला. कडं पुन्हा मागे, आपल्या जागेवर सरकलं.

"जा तुम्ही," मी हमालांना म्हटलं. "उचलायचं नाही काही."

ते एकमेकांकडे बघत पायरी उतरले. बायकोने माझा हात झटकला नाही. ती तशीच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिची घरघर एवढी बारीक झाली की मला रस्त्यावरच्या हमालांची पावलं ऐकू आली.

"अगं," मी पडद्याकडे वळून म्हटलं, "गेले ते. तू ये ना बाहेर."

"आलेच हं," ती म्हणाली.

आणि या वेळी पडद्याच्या कड्या एकेक करून सरकायला लागल्या.